भोंगा आवाज वाढवत नाही!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाबांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. दुकानात बाबा एका ॲल्युमिनिअमच्या भोंग्याचं युनिट बदलत बसले होते. मी उगाचच शेजारी उभा राहून "काही मदत करू का?" असं विचारलं. (खरं तर फराळाला अजून वेळ होता म्हणून!)

बाबा म्हणाले, "मदत नको. तू तिसऱ्या वर्षाला आलास ना? मग एक सांग. हे युनिट नुसतं वाजवलं तर माशी गुणगुणल्यागत वाजतंय. भोंगा लावला की आवाज वेशीपर्यंत जातोय. वायर तीच, मशीन तेच. मग जादाचा आवाज आला कुठनं?"

मी लगेच म्हणालो, "सोपंय. भोंगा आवाज ॲम्प्लिफाय करतो."

बाबांनी भोंगा उचलून आतून-बाहेरून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "मग ह्याला लाईट कुठं जोडायची?"

झालं! ईअँडटीसीच्या तीन वर्षांचं वस्त्रहरण एका वाक्यात. ॲम्प्लिफायरला बाहेरून ऊर्जा द्यावी लागते, हे मी व्हायवात चार वेळा तरी सांगितलं असेल. भोंगा म्हणजे नुसता पत्रा, त्याला ना सप्लाय ना ट्रान्झिस्टर. म्हणजे तो काही 'वाढवत' नाही हे नक्की. मग तो करतो तरी काय? उत्तर येत नव्हतं. सुट्टी संपवून पुण्याला आलो ते एकच ठरवून, की एक भोंगा स्वतः बनवायचा, मोजायचा आणि मगच बाबांना उत्तर द्यायचं. पुढचं सगळं त्याच खटाटोपाबद्दल आहे. चुकांसकट सांगतो, कारण शिकलो ते त्यातूनच.

टेबल टेनिसचा चेंडू

एक साधा प्रयोग करा. क्रिकेटचा लेदर बॉल जीव खाऊन फेका, मग तेवढाच जोर लावून टेबल टेनिसचा चेंडू फेका. दुसऱ्या वेळी खांदा दुखेल, पण चेंडू जेमतेम पिचच्या मध्यापर्यंत जाईल. तुमची ताकद कमी झाली का? नाही. चेंडू इतका हलका आहे की त्याला देण्यासारखी ऊर्जा तुमच्या हाताकडे असूनही देता येत नाही. सगळा जोर स्वतःचा हात हलवण्यातच जातो.

स्पीकरच्या कागदी शंकूचं अगदी हेच होतं. शंकू आणि त्याची कॉइल जड, समोरची हवा हलकी. शंकू पुढे आला की हवा त्याला विरोध करण्याऐवजी बाजूने निसटून जाते. त्यामुळे घरातल्या साध्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्का, कित्येकदा त्याहूनही कमी, आवाजात बदलते. बाकीची कॉइल तापवते. म्हणजे शंभर वॉटचा साधा स्पीकर हा मुख्यतः एक हीटर आहे, जो जाता जाता गाणंही म्हणतो!

आता शंकूसमोर एक अरुंद नळी लावा. हवेला बाजूने निसटता येत नाही, त्यामुळे ती शंकूला उलट दाबते. शंकूला 'काहीतरी ढकलतोय' असं वाटायला लागतं. पण नळी तशीच अरुंद ठेवून एकदम उघड्यावर सोडली, तर टोकाशी लाट परत फिरते. ट्रान्समिशन लाईनचा लोड जुळला नाही की जसं होतं तसंच. म्हणून नळी हळूहळू रुंद करत न्यायची. घशाशी जास्त दाब आणि थोडी हवा, तोंडाशी कमी दाब आणि भरपूर हवा. हा सरळसरळ ट्रान्सफॉर्मर झाला. मेकॅनिकलवाल्यांनी गिअरबॉक्स म्हणावं, आमची हरकत नाही.

म्हणजे भोंगा नवीन ऊर्जा आणत नाही. जी ऊर्जा शंकूतच अडकून पडत होती तिला तो हवेत जायची वाट करून देतो. आपल्या भाषेत, इम्पिडन्स मॅचिंग. पुस्तकात हे वाक्य मी दहा वेळा वाचलं होतं, पण त्याला कर्ण्याचा आकार असतो हे माहीत नव्हतं.

थोडं मागे जाऊन

भोंग्याचं गणित जुनं आहे. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वेबस्टर यांचा भोंग्यांवरचा निबंध १९१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातलं समीकरण आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याआधी ग्रामोफोनचे कर्णे बरेचसे अंदाजाने बनत. १९२५ च्या ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला या ग्रामोफोनमध्ये घड्या घातलेला, हिशेबाने काढलेला भोंगा पेटीत बसवला होता. त्याला वीज लागत नव्हती, सुईची हालचाल एवढीच काय ती ऊर्जा!

त्याच १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी आज आपण वापरतो तशा मूव्हिंग कॉइल स्पीकरवर निबंध लिहिला. पण त्या काळचे ॲम्प्लिफायर थोड्या वॉटचे. त्यात अख्खं सिनेमा थिएटर भरायचं तर भोंग्याला पर्याय नव्हता. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी ट्रॅक्ट्रिक्स नावाच्या वक्राचा भोंगा आणला. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली क्लिप्शहॉर्न विकायला काढला. त्यातला खर्जाचा भोंगा खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात, म्हणजे दोन भिंतीच भोंग्याचा शेवटचा भाग होतात. पुढे ॲम्प्लिफायर मोठे आणि स्वस्त झाले, आणि घरातला भोंगा मागे पडला. सभा, स्टेशन आणि सिनेमा इथे मात्र तो टिकला. आजही कार्यक्रमात टांगलेल्या मोठ्या स्पीकरच्या वरच्या पट्टीत डोकावून पाहा, आत भोंगाच असतो.

कागदावरचा भोंगा

मी बनवायचं ठरवलं ते मधल्या पट्टीचा भोंगा, म्हणजे माणसाचा आवाज, हार्मोनियम, सतार जिथे असतात ती पट्टी. खर्जाचा भोंगा बनवायचा तर हॉस्टेलची खोली रिकामी करावी लागली असती. तोंडाचा घेर तरंगलांबीएवढा असावा, हा त्यामागचा ढोबळ नियम. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. विषय संपला!

भोंग्याला एक खालची मर्यादा असते. तिला कटऑफ म्हणू. एक्स्पोनेन्शियल भोंग्याचं क्षेत्रफळ ठरावीक अंतराला दुप्पट होत जातं. जितक्या सावकाश दुप्पट होईल तितका कटऑफ खाली. मी कटऑफ २५० हर्ट्झ धरला. विस्ताराचा दर काढायला ४ गुणिले पाय गुणिले कटऑफ, भागिले ध्वनीचा वेग. वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर उत्तर येतं मीटरला ९.१. म्हणजे दर ७.६ सेंमीला क्षेत्रफळ दुप्पट.

तपकीर गल्लीतून ४ इंची स्पीकर आणला. त्याच्या शंकूचं क्षेत्रफळ ५५ चौसेंमी. घसा ७ बाय ७ सेंमी, म्हणजे ४९ चौसेंमी घेतला. २५० हर्ट्झची तरंगलांबी १.३८ मीटर. तेवढ्या घेराच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ येतं सुमारे १५१५ चौसेंमी, म्हणून चौकोनी तोंडाची बाजू ३९ सेंमी. घशापासून तोंडापर्यंत लांबी ३७.७ सेंमी. मधल्या बाजू अशा: १० सेंमीवर ११, २० सेंमीवर १७.४, ३० सेंमीवर २७.४ सेंमी. कुणाला करून बघायचं असेल तर एवढे आकडे पुरेत.

फायदा किती? ३०० हर्ट्झचा हिशेब बघा. हाच शंकू मोठ्या फळीत नुसता बसवला तर हवेचा उपयोगी विरोध कमाल शक्य असतो त्याच्या २.६ टक्के मिळतो. आदर्श भोंग्याच्या घशाशी तोच ५५ टक्के होतो. वीसपटीहून जास्त! 'आदर्श' म्हणजे अनंत लांबीचा, हे विसरू नका. आपला भोंगा ३८ सेंमीचा असल्याने त्यात चढउतार येणारच.

मागच्या बाजूला बंद डबा लागतो, नाहीतर शंकूचा मागचा आवाज पुढच्याला कापतो. त्याचा आकारही मनाला येईल तसा नाही. कटऑफजवळ भोंग्यातली हवा वजनासारखी वागते आणि डब्यातली हवा स्प्रिंगसारखी. दोघांनी एकमेकांना खोडावं असा डबा हवा. त्यासाठी क्लिप्श यांचा हिशेब सुटसुटीत आहे: २.९ गुणिले घशाचं क्षेत्रफळ गुणिले क्षेत्रफळ दुप्पट होण्याचं अंतर. उत्तर १०८० घनसेंमी, म्हणजे पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीपेक्षा जरासा मोठा डबा.

करवत आणि चूक नंबर एक

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ४ मिमीचा वाकणारा प्लाय आणला. चार बाजूंना चार वक्र पाकळ्या कापायच्या, फर्म्यावर वाकवून फेविकॉलने जोडायच्या आणि वरून दुसरा थर चढवायचा, असा बेत होता. मी रात्रभर बसून पाकळीचा पुठ्ठ्याचा साचा काढला. लांबी ३७.७ सेंमी, रुंदी वरच्या आकड्यांप्रमाणे. चारही पाकळ्या कापल्या, वाकवल्या आणि... तोंडाशी जुळेनात! प्रत्येक पाकळी जवळजवळ ४ सेंमी तोकडी.

वर्कशॉपमधल्या सुतारकाकांनी साचा पाहिला आणि विचारलं, "ही लांबी सरळ मोजलीस का वळणावरनं?"

३७.७ सेंमी ही अक्षावरची लांबी. पाकळी मात्र वक्रावरून जाते, आणि त्या वक्राची लांबी भरते ४१.५ सेंमी. वक्राची लांबी काढायचं इंटिग्रल पहिल्या वर्षाला एम-वनमध्ये होतं. मी त्यात चांगले मार्क पाडले होते, हे इथे नमूद करतो, म्हणजे मार्कांचा आणि प्लायचा संबंध काय ते लक्षात येईल. त्या चार पाकळ्या आता हॉस्टेलमध्ये चपलांचं स्टँड म्हणून काम करतात.

दुसऱ्या वेळी साचा आधी पुठ्ठ्याचा पूर्ण भोंगा करून तपासला. ज्यांना करायचं असेल त्यांनी हे आधी करा. पुठ्ठा रद्दीत मिळतो, प्लाय नाही.

बांधताना तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, भोंग्याच्या भिंती स्वतः थरथरता कामा नयेत. बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. डब्याचं झाकण वाजवल्यासारखा आवाज आला तर बाहेरून आडव्या पट्ट्या मारा. 'ठक्' असा मेलेला आवाज आला की समजा झालं. दुसरी, सांधे हवाबंद हवेत. घशाजवळ दाब सगळ्यात जास्त असतो, तिथली बारीक फटही शिट्टीसारखी वाजते. तिसरी, तोंडाची कड. धारदार कडेवरून लाट विखुरते आणि काही अंशी परत फिरते, म्हणून कडेला बाहेरच्या बाजूला गोलाई दिली. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दोन रविवार गेले.

पॉलिश: कानासाठी की डोळ्यांसाठी?

आमच्या मजल्यावर एक मोठा वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत झाल्याशिवाय आवाज 'स्वच्छ' येणार नाही. हिशेब करा. या भोंग्यात ३००० हर्ट्झची तरंगलांबी ११.५ सेंमी. पॉलिश पेपरचा ओरखडा अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. एवढ्या लाटेला तो दिसतच नाही. तेव्हा आतला गुळगुळीतपणा हा मुख्यतः डोळ्यांचा प्रश्न आहे.

मग पॉलिश करायचंच कशाला? कारण प्लाय दमट हवेत फुगतो, सांधे हलतात आणि लाकडाच्या बारीक छिद्रांतून हवा जाते. फिनिशचं खरं काम सील करणं. मी लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून फटी भरल्या. मग ८०, १२०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर ओळीने वापरले. नंबर गाळला की आधीचे ओरखडे शेवटी वर येतातच, त्यामुळे घाई करू नये. वरून सँडिंग सीलरचे दोन हात आणि शेवटी मेलामाइन.

इथे एक धोका सांगतो. ऐन पावसाच्या दिवशी मेलामाइन मारलं तर पृष्ठभागावर पांढरट धुकं येतं. हवेतला ओलावा फिल्मवर अडकतो. आमच्या एका बाजूवर ते आलंच, घासून परत करावं लागलं. कोरड्या दिवशी, दारं-खिडक्या उघड्या ठेवून आणि तोंडाला मास्क बांधून हे काम करावं. वास डोक्यात जातो, गंमत नाही.

मोजणी आणि चूक नंबर दोन

आता परीक्षा. मोजायला महागडी प्रयोगशाळा लागते हा गैरसमज आहे. लॅपटॉप, साउंड कार्ड, इलेक्ट्रेट माईकची एक छोटी कॅप्सूल आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. सॉफ्टवेअर खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवतं, माईकने ऐकतं आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आला त्याचा आलेख काढतं. नेमके डेसिबल हवे असतील तर कॅलिब्रेशन फाईलसह येणारा माईक घ्यावा. 'आधी आणि नंतर' यांची तुलना करायला मात्र आपली कॅप्सूल चालते.

मोजण्याआधी स्पीकरला मालिकेत ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावला. ८ ओहमला हा साधारण ४२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करत नेतो. कटऑफच्या खाली भोंगा शंकूला आधार देत नाही, शंकू मोकाट हलतो, म्हणून कटऑफच्या निदान दीडपट वरूनच काम द्यावं. त्याखालचं काम साध्या वूफरचं.

भोंगा खोलीत स्टुलावर ठेवला. जमिनीपासून ६० सेंमी उंच, आणि समोर एक मीटरवर त्याच उंचीला माईक. स्वीप वाजवला. आलेख बघून पोटात गोळा आला. ३०० हर्ट्झच्या आसपास आठ-नऊ डेसिबलचा खड्डा! भोंग्याने जिथे कामाला लागायचं नेमका तिथेच. मी ठरवून टाकलं, की घशाचा हिशेब चुकला. कानस हातात घेतली होती, घसा मोठा करायला. रूममेट म्हणाला, "थांब, आधी स्टूल हलवून बघू." स्टुलाखाली पुस्तकं रचून भोंगा आणि माईक दोन्ही वर घेतले. आणि खड्डा जागचा हलला!

भोंग्याचा दोष असता तर तो भोंग्याबरोबरच राहिला असता. हिशेब करून पाहिला. माईकपर्यंत सरळ वाट १ मीटर. जमिनीवर आपटून येणारी वाट १.५६ मीटर. फरक ५६ सेंमी. हा फरक अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला की दोन लाटा एकमेकींना कापतात, आणि ते होतं ३०७ हर्ट्झला. म्हणजे मी भोंगा नाही, हॉस्टेलची फरशी मोजत होतो! दोन मिनिटं उशीर झाला असता तर फरशीच्या गुन्ह्यासाठी मी भोंग्याचा घसा कापला असता.

यावर उपाय दोन. एक, सॉफ्टवेअरला सांगायचं की परावर्तित लाट पोचण्याआधीचाच भाग मोज. पण त्याला मर्यादा आहे. भोंगा आणि माईक १.२ मीटर उंचीवर नेले तरी परावर्तन साडेचार मिलिसेकंदांत येतं, आणि एवढ्या वेळात साधारण २१५ हर्ट्झच्या खालचं काही कळत नाही. शिवाय त्या सीमेजवळ आलेखही ढोबळच येतो. दुसरा उपाय गच्ची. भोंगा आकाशाकडे तोंड करून ठेवला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून माईक बरोबर मधोमध एक मीटर वर टांगला. वर परावर्तन करायला काहीच नाही, कावळे सोडून.

एक गोष्ट पाळा. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. आम्ही संध्याकाळी पाच वाजता, कमी आवाजात, पंधरा-पंधरा सेकंदांचे स्वीप घेतले. मोजायला मोठा आवाज लागत नाही.

गच्चीवरचा आलेख पाहून उडीच मारली. ३०७ चा खड्डा गायब. ५०० ते २००० हर्ट्झमध्ये तोच स्पीकर, त्याच व्होल्टेजला, फळीत बसवला होता त्याहून सुमारे ९ डेसिबल जास्त. तेवढं नुसत्या ॲम्प्लिफायरने मिळवायचं तर आठपट वॉट लागतील. (यातला काही भाग आवाज समोर एकवटल्यामुळे आहे, सगळा कार्यक्षमतेचा नाही.) ३००० च्या पुढे आलेख उतरत होता, पण म्हटलं मधल्या पट्टीचा भोंगा आहे, चालायचंच. आणि मजल्यावर जाहीर करून टाकलं, "आपला भोंगा सपाट आहे!"

'स' कुठे गेला?

पुढच्या आठवड्यात बाबा दुकानाच्या खरेदीला पुण्यात आले. मी त्यांना थेट गच्चीवर नेलं. लॅपटॉप उघडून आलेख दाखवायला लागलो. बाबा म्हणाले, "ते ठेव बाजूला. माईक दे."

बाबांची टेस्टिंगची पद्धत गावात सगळ्यांना पाठ आहे. "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. शंभर, साखर, चहा." पुन्हा एकदा म्हणाले. मग मला बोलायला लावून स्वतः गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "आवाज चांगलाय. भरलेला आहे. पण 'स' आणि 'श' कुठं गेले? 'साखर' म्हटलं तर 'हाखर' ऐकू येतंय."

मी म्हणालो, "बाबा, आलेख तर..."

"आलेखात बघ की मग, तिथं पण गेलेच असतील."

गेलेच होते. ३००० च्या पुढचा जो उतार मी 'चालायचंच' म्हणून सोडला होता, 'स' आणि 'श' यांचा जोर बराचसा त्याच्या वरच असतो. आलेखाने मला आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

रात्री कारण शोधलं. शंकू आणि घसा यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती कपॅसिटरसारखी वागते. घशाच्या रोधाबरोबर मिळून साधा आरसी लो-पास फिल्टर तयार होतो. त्याची सीमा म्हणजे ध्वनीचा वेग गुणिले घशाचं क्षेत्रफळ, भागिले २ पाय गुणिले पोकळीचं घनफळ. माझा स्पीकर बसवायचा पृष्ठभाग वाकडा कापला गेला होता, म्हणून फट बुजवायला मी १० मिमी जाड स्पंजरबर लावलं होतं. त्याची पोकळी ५५ घनसेंमी आणि शंकूच्या खोलगटपणाची सुमारे २५, एकूण ८०. सीमा आली ३४०० हर्ट्झ. आलेख अगदी तिथूनच वाकत होता!

काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर चिकटवला आणि त्यावर घशाची बाजू घासून सपाट केली. स्पंजच्या जागी ३ मिमीचं रबर लावलं. पोकळी झाली साधारण ४१ घनसेंमी, हिशेबाची सीमा ६५०० हर्ट्झ. सकाळी पुन्हा गच्ची, पुन्हा स्वीप. उतार बराच पुढे सरकला होता. पूर्ण गेला नाही. ४ इंची शंकूकडून त्याहून वरचं काम करून घेण्यापेक्षा तिथे ट्वीटर लावणं बरं, हे आता मान्य केलंय.

बाबा एसटीला निघायच्या आधी परत गच्चीवर आले. "शंभर, साखर, चहा." दुसऱ्या टोकाला जाऊन ऐकलं. मान हलवली. मग मी दिवाळीपासून राखून ठेवलेलं उत्तर दिलं. "बाबा, भोंगा आवाज वाढवत नाही. युनिटमध्ये जो वाया जात होता, तो वाया जाऊ देत नाही."

बाबा म्हणाले, "हां. हे पटलं." जिन्यावर दोन पायऱ्या उतरल्यावर थांबले. "दुकानातल्या दोन भोंग्यांचा 'स' कायम कमी येतोय. त्यांची वायसरं पण मीच जाड लावलीयत, युनिट घट्ट बसत नव्हतं म्हणून. सुट्टीत आलास की तुझा लॅपटॉप घेऊन ये."

तर मित्रांनो, असा हा एक भोंगा. स्टिरिओला दुसरा लागतो, तो सबमिशन संपल्यावर. कुणाला बनवायचा असेल तर पुठ्ठ्याचा साचा माझ्याकडे आहे, बरोबर लांबीचा! खर्च एका महिन्याच्या मेसच्या बिलात बसतो. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. लांबी वळणावरून मोजा. खड्डा दिसला की कानस उचलण्याआधी स्टूल हलवा. आणि आलेख सपाट आला तरी एकदा कुणाकडून तरी "साखर" म्हणवून घ्या.